मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं

गोत्री, बडोदे
रविवार, १ जून २०२५

चि. देवश्री हिला अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशीलच. तुझा फोन माझा नंबर घेत नाही, म्हणून कागद. धरमपूरचा पत्ता शाळेच्या ऑफिसातून मिळाला. तुझी कागदपत्रं तिकडे गेली होती ना, त्यातून.

इकडे ऊन मी म्हणतंय. ह्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता छान दिसतं. दिसायला लागल्याबरोबर पहिला प्रश्न काय, तर "देवश्री बऱ्याच दिवसांत आली नाही?" तू बडोदं सोडलंस हे मी त्यांना सांगितलंय, दोनदा. विसरतात की विसरल्यासारखं करतात, कळत नाही. तू आलीस की आमच्या घरात आवाज वाढायचा. एरवी मी बातम्या लावते तेव्हा वाढतो तेवढाच.

मुख्य बातमी राहिली. मी काल निवृत्त झाले. एकतीस वर्षं भौतिकशास्त्र एके भौतिकशास्त्र. परवा शाळेत समारंभ झाला. शाल, नारळ, पितळी समई, फोटो. मयंकभाई प्रिन्सिपॉलच्या खुर्चीवरून भरपूर बोलले, त्यातलं काही खरं होतं, काही भाषणातलं. मुलं सुट्टीवर, त्यामुळे टाळ्या शिक्षकांच्याच. त्यांना घरी जायची घाई होती.

धरमपूरची शाळा कशी आहे? निवासी म्हणजे संध्याकाळीही मुलं सोडत नसतील. तुला आवडत असेल. तुला मुलांचा कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला नवलच वाटायचं. मला दुसऱ्या वर्षापासून यायला लागला होता.

शिवांगी शिर्केचा निकाल कळला का? लहिया घेऊन परीक्षा दिली तिने. ती सांगणार, समोरची अकरावीची मुलगी लिहिणार. फिजिक्समध्ये एकसष्ट. बाकी विषय बरे. आकृत्या तिला हव्या तशा काढून घेता आल्या नाहीत, असं तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. प्लास्टर निघालं, पण मनगट अजून पूर्ण वळत नाही म्हणे.

त्या विषयावर लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

चौकशीत मी जे बोलले त्यातला शब्दही खोटा नव्हता, एवढं तुला माहीत असावं. यंत्र उघड्या टेबलावर होतं. तू वर्गात चार मिनिटं उशिरा पोचलीस. विद्यार्थिनीने स्पर्श केला तेव्हा शिक्षिका हजर नव्हती. ही तीन वाक्यं मी लिहिली, आणि तिन्ही घडलेली आहेत. समितीत आम्ही तिघे होतो, पण विषय कळणारी मी एकटी, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. तुला राजीनामा द्या असं कुणी म्हटलं नव्हतं. तू दिलास.

असो. तू पहिल्यांदा शाळेत शिकवायला आलीस तो दिवस आठवतो. मला वाटलं, माझी विद्यार्थिनी, माझ्याच विभागात, चांगलं झालं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, "मी घडवलेली." महिन्याभरात मुलं मला "अहल्याबेन" म्हणायची तशीच म्हणत राहिली आणि तुला "देवश्री मॅम" म्हणायला लागली. वरवर फरक काहीच नाही. पण अहल्याबेन जिना चढताना दिसली की मुलं भिंतीला चिकटायची, आणि देवश्री मॅम दिसली की तिच्याबरोबर चढायची.

तुझा बारावीचा तास लॅबमध्ये आणि माझा अकरावीचा शेजारच्या खोलीत. मध्ये नुसता लाकडी पडदा. तुझ्या वर्गातलं हसू माझ्या फळ्यापर्यंत यायचं. एकदा मी गुरुत्व क्षेत्राची व्याख्या लिहून देत होते, आणि पलीकडून तू विचारलंस, "विजेचं क्षेत्र पत्र्याच्या डब्यात शिरू शकत नाही. मग पृथ्वीची ओढ अडवणारा डबा का बनवता येत नाही?" माझ्या वर्गातल्या मुलांनी लिहिणं थांबवलं. माझा हातही थांबला. बारावीत असताना तू हाच प्रश्न मला विचारला होतास, आणि मी म्हटलं होतं, "अभ्यासक्रमात नाही, खाली बस."

पलीकडे तू समजावलंस. विद्युतभार दोन प्रकारचे, म्हणून धातूत ते सरकतात, एकमेकांना रद्द करतात आणि आतलं क्षेत्र शून्य होतं. वस्तुमान एकाच प्रकारचं, ते फक्त ओढतं, त्याला रद्द करायला उलटं काही नाहीच. पाच वाक्यांत. मग कुणीतरी विचारलं, "मॅम, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" आणि तू म्हणालीस, "अहल्याबाईंनी. त्यांनी उत्तर दिलं नाही, शोधायला लावलं."

देवश्री, तू माझी बाजू सावरलीस. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. डोकं दुखतंय असं ह्यांना सांगितलं.

खूप लिहिलं. तब्येत सांभाळ. तिकडे पावसाळ्यात विंचू निघतात म्हणतात, बूट झटकून घालत जा.

तुझी हितचिंतक,
अहल्याबाई

---

गोत्री, बडोदे
रविवार, १५ जून २०२५

चि. देवश्रीस आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "बाई, पत्र पोचलं. काकांच्या डोळ्याची काळजी घ्या. यंत्राचे पट्टे उन्हाळ्यात ढिले पडतात, बदलून घ्यायला सांगा." बस.

मी ते कार्ड फ्रिजवर लावलं, मग काढलं, मग डाळीच्या डब्याखाली ठेवलं. पाच महिन्यांनी तू लिहिलंस आणि काय लिहिलंस, तर पट्टे. ज्या यंत्रापायी तुझी नोकरी गेली त्याचे पट्टे. मला तुझा इतका राग आला! असं वागणारं माणूस समोर असलं की आपण किती कोते आहोत ते आरशासारखं दिसतं, आणि आरसा कुणाला आवडतो?

तर ऐक. मागच्या पत्रात मी लिहिलं की माझी तिन्ही वाक्यं खरी होती. खरीच होती. चौथं वाक्य मी लिहिलं नाही. ते आज लिहिते.

ते यंत्र माझ्या नेमणुकीच्या आधीपासून लॅबच्या कपाटात पडून होतं. दोन मोठ्या काचेच्या तबकड्या, हाताने फिरवायची मूठ, विद्युतभार साठवायच्या दोन बरण्या, वर दोन पितळी गोळे. पंचवीस-तीस वर्षं मी दर दिवाळीच्या सुट्टीआधी यादी करताना लिहायचे: "विद्युत यंत्र, एक, नादुरुस्त." तू आलीस आणि दोन महिन्यांत ते चालू केलंस. बरण्यांना बाहेरून नवा पत्रा, तबकड्यांना नवे पट्टे, गोळ्यांना चिंचेचा कोळ लावून लखलखाट. आणि त्याला जोडून तुझा तो प्रयोग: काचेच्या बशीत एरंडेल, त्यावर चिमूटभर रवा, दोन बाजूंना दोन तारा. मूठ फिरवली की रव्याचे कण हलतात आणि एका तारेपासून दुसरीपर्यंत वाकड्या रेषांत उभे राहतात. विद्युत क्षेत्राच्या रेषा, डोळ्यांनी.

मुलं ओरडायची ते मी पडद्यापलीकडून ऐकलं होतं. "बेन, आ तो जादू छे!" असं एकजण माझ्या तासाला येऊन म्हणाला. मी म्हटलं, "जादू असती तर परीक्षेत आली नसती. पान एकोणचाळीस काढा."

मला तो प्रयोग पाहायचा होता. पण तुला सांगून पाहायचा नव्हता. तू मला किती आनंदाने दाखवला असतास! मला तोच आनंद नको होता.

शुक्रवार, सतरा जानेवारी. उत्तरायणाच्या सुट्टीनंतरचा दुसरा दिवस, अर्ध्या मुलांच्या बोटांना मांजाच्या पट्ट्या. हवा कोरडी, थंड. मधल्या सुट्टीत तू खाली स्टाफरूममध्ये होतीस, तुझा तास सुट्टीनंतर. लॅब उघडी होती. मी आत गेले.

गोळे जोडलेले होते.

हे मी एका ओळीत एकटं लिहिलं, कारण हेच तुला सांगायचं होतं. सकाळच्या तासानंतर तू दोन्ही गोळे एकमेकांना टेकवून ठेवले होतेस, यंत्रात भार उरू नये म्हणून. शेजारी तुझ्या अक्षरातली चिठ्ठीही होती: "काम झाल्यावर गोळे जोडा. जोडूनच ठेवा." चौकशीत तुला विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "जोडले होते असं वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही." मी समोर बसले होते. मला शपथेवर सांगता आलं असतं. मी पेनाचं टोपण लावलं.

मी ते गोळे सोडवले. बशीतला जुना रवा बोटाने ढवळून सारखा केला. मग मूठ फिरवली.

काय सांगू तुला! एकतीस वर्षं मी त्या रेषा फळ्यावर काढल्या. धन भारापासून ऋण भाराकडे, एकमेकींना न छेदणाऱ्या. हजार वेळा तरी काढल्या असतील. पाहिल्या त्या दिवशी पहिल्यांदा. रवा आधी थरथरला, मग जणू कुणी कंगवा फिरवावा तसा वळला. मी एकटीच हसले. पुन्हा फिरवली, पुन्हा हसले. दहा मिनिटं मी कुणाचाही हेवा करत नव्हते. तेवढीच.

मग घंटा झाली. मुलांचे पाय जिन्यावर वाजले, आणि मला एवढंच सुचलं की कुणी आपल्याला देवश्रीच्या यंत्रापाशी बघायला नको. मी मागच्या दाराने निघाले. गोळे तसेच, एकमेकांपासून हातभर लांब. बरण्या भरलेल्या.

जिन्यात तू भेटलीस. वर चालली होतीस. तेव्हा सांगता आलं असतं, "जरा गोळे जोड गं." एक वाक्य. त्याऐवजी मी तुला थांबवलं आणि हजेरीपत्रकातला एक रिकामा रकाना दाखवून जाब विचारला. का? घाबरले होते आणि काहीतरी मुख्याध्यापिकेच्या थाटात बोललं की बरं वाटतं, म्हणून. ती तुझी चार मिनिटं. ती मीच घेतली आणि मीच अहवालात लिहिली.

पुढचं तुला माहीत आहे. शिवांगी उंच स्टुलावर बसून बशीवर वाकली. तारेला बोट लागलं, झटका बसला, ती मागे उडाली आणि उजव्या हातावर पडली. दहावीत तालुक्यात पहिली आलेली पोर, बोर्डाला सहा आठवडे राहिलेले.

तुझा राजीनामा आला त्या संध्याकाळी मी चहा केला, शांतपणे प्याले. पडद्यापलीकडून आवाज येणार नाही, हा विचार मनात आला. तो आला हेही लिहून ठेवते.

आणि समारंभात मयंकभाई काय म्हणाले तेही सांगते. "अहल्याबेनना मार्गदर्शन हेठळ आपणुं जूनुं यंत्र फरी चालू थयुं." माझ्या मार्गदर्शनाखाली जुनं यंत्र पुन्हा चालू झालं. ते आता दारातल्या काचेच्या कपाटात ठेवलंय, खाली माझ्या नावाची पितळी पट्टी. टाळ्या वाजल्या. मी नाही म्हटलं नाही. उभी राहिले आणि नमस्कार केला.

क्षमा मागत नाही. ती मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. या आठवड्यात मयंकभाईंकडे जाते, मग तरसालीला, शिवांगीच्या घरी. आधी तुला लिहिलं, कारण तिकडे जाऊन मी कचरले तर तुझ्या हातात हा कागद असावा. सही पूर्ण करते. कुणालाही दाखव.

अहल्या शरच्चंद्र सबनीस

---

गोत्री, बडोदे
रविवार, २९ जून २०२५

प्रिय देवश्री,

तुझं उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही ठेवू नये, पण पोस्टमनची वेळ झाली की हे खिडकीत जातात. त्यांना सगळं सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाळीस वर्षं तुला ओळखतो. हेवा करतेस हे माहीत होतं. घाबरतेस हे माहीत नव्हतं." मग स्वतः उठून दोघांचं पान वाढलं. त्या दिवसापासून तुझ्याबद्दल विचारत नाहीत.

मयंकभाईंकडे मी सोमवारी गेले. लेखी निवेदन नेलं होतं. त्यांनी चष्मा काढून वाचलं, पुन्हा घालून वाचलं. "बेन, तमे रिटायर थई गया. हवे शुं काम?" निवृत्त झालात, आता कशाला हे? म्हणाले, प्रकरण बंद झालंय, शाळेचं नाव आहे, नव्या प्रवेशांचे दिवस आहेत. मी म्हटलं, कागदावर आवकचा शिक्का मारून द्या, नाहीतर मी ट्रस्टींच्या दारात बसते. ते हसले. त्यांना वाटलं, अहल्याबेन आणि दारात बसणार? मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. साडेअकरापासून शाळा सुटेपर्यंत. येणारे पालक विचारत होते, "बेन, तमे अहीं?" तुम्ही इथे? शेवटी क्लार्कने शिक्का मारून आणून दिला.

शुक्रवारी ट्रस्टींनी बोलावलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. त्यांनी जुना अहवाल रद्द केलाय. तसं पत्र तुला येईल, धरमपूरच्या शाळेलाही त्याची प्रत जाईल. काचेच्या कपाटावरची पट्टी काढली. माझा अपमान वगैरे काही झाला नाही, कुणी मोठ्याने बोललंही नाही. एक ट्रस्टी, माझ्याच वयाच्या बाई, दारापर्यंत सोडायला आल्या आणि इतकंच म्हणाल्या, "मारी दीकरी तमारी पासे भणी छे." माझी मुलगी तुमच्याकडे शिकलीय. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं होतं.

आता तरसालीचं. हे सविस्तर लिहायला हवं.

शिवांगीचे वडील प्रतापसिंह मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पाळीचे सुपरवायझर आहेत. मी गेले तेव्हा नुकतेच पाळी करून आले होते, हातात जेवणाचा डबा तसाच. खोलीत त्यांच्या पणजोबांचा फेटा बांधलेला फोटो, कमरेला संस्थानच्या पलटणीचा पट्टा. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. शिवांगी समोर पलंगावर बसली. उजव्या हाताने ओढणीचं टोक पिळत होती, मनगट एका मर्यादेनंतर थांबत होतं. मी तिकडे बघायचं टाळत होते, मग ठरवून बघितलं.

मी सांगितलं. तुला लिहिलं होतं त्याच क्रमाने. गोळे, मूठ, घंटा, जिना, अहवाल.

प्रतापसिंह म्हणाले, "पाच महिने माझ्या घरात देवश्री मॅडमला शिव्या दिल्यात आम्ही. जेवताना, झोपताना. हिच्या आईने तर नको नको ते तळतळाट दिलेत. ते परत कसे घ्यायचे, तेवढं सांगा."

मी पाण्याचं भांडं उचललं.

"तुम्हाला काय कमी होतं हो?" ते म्हणाले. "नोकरी तुमची, मान तुमचा. ती कालची पोर. तिचं काय घ्यायचं होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "मुलं तिच्याकडे बघायची तसं कुणी माझ्याकडे बघितलं नाही."

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलले. ऐकायला किती पोरकट वाटतं ते! पन्नाशी उलटलेल्या बाईने, परक्या घरात, पाण्याचं भांडं हातात धरून.

तेवढ्यात शिवांगी बोलली. "बेन, मला माहीत होतं."

वडिलांनी मान वळवली.

"मी त्या दिवशी डबा न खाता वर आले होते. खिडकीतून बघितलं. तुम्ही बशीत बोट घालून रवा सारखा करत होतात. मग यंत्र फिरवलंत आणि हसलात. एकट्याच." तिने ओढणीचं टोक सोडलं. "तुम्हाला तसं हसताना आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. मी खाली जाऊन मैत्रिणीला सांगितलं पण, तिला खोटं वाटलं. मॅमनी हात लावायचा नाही असं सांगितलं होतं, ते आठवत होतं मला. पण तुम्ही लावलात ना. म्हणून वाटलं, आज चालेल."

देवश्री, समितीपुढे आम्ही त्या मुलीला दोन प्रश्न विचारले होते. मॅडमनी सूचना दिली होती का? ती म्हणाली, दिली होती. तू तरी हात लावलास का? ती म्हणाली, लावला. का लावलास, हे कुणी विचारलं नाही. प्रश्न मी लिहून नेले होते.

"मग तू बोलली का नाहीस?" प्रतापसिंहांचा आवाज चढला.

"कसं बोलणार, पपा? बेन समोर बसल्या होत्या. आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्याच देणार होत्या."

मी पूर्ण मार्क दिले होते तिला. पन्नासपैकी पन्नास. तेव्हा मला वाटलं होतं, आपण उदार आहोत.

मग बोलणं पुढच्या शिक्षणावर आलं. त्यांनी बी.कॉम.चा फॉर्म भरून ठेवलाय. "फिजिक्सने हात मोडला, बस झालं," असं तिची आई म्हणते. मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, विज्ञान सोडू नका, हवं तर मी रोज येऊन शिकवते, गोत्रीहून तरसाली काय लांब नाही, स्कूटर आहे माझी. मनापासून म्हटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं होतं.

शिवांगी म्हणाली, "नको, बेन." उर्मटपणे नाही, दुसऱ्यांदा वाढलेली भाजी नको म्हणावी तसं. "मला बी.एस्सी. करायचंय, फिजिक्सच घ्यायचंय. पण अडलं की देवश्री मॅमना विचारेन. त्यांचा पत्ता द्याल?"

प्रतापसिंह तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटतं, फिजिक्सच घ्यायचंय हे तिने घरात पहिल्यांदाच म्हटलं असावं. मग त्यांनी डबा खाली ठेवला आणि शेल्फवरचं पेन उचलून माझ्या हातात दिलं. "लिहा, बाई. आणि अक्षर नीट काढा, पिनकोडसकट."

मी तुझा पत्ता लिहिला. काल तिचा मेसेज आला, विज्ञान शाखेचा फॉर्म भरला म्हणून. तिचं पत्र तुला माझ्याआधी मिळालं असेल किंवा पाठोपाठ मिळेल. तिने तुला काय विचारलंय ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ट्रस्टींना तुला परत बोलवायचंय. लॅब तुझ्या ताब्यात, विभागही. ये किंवा येऊ नकोस. धरमपूरची मुलं तुला सोडणार नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि त्यांनी का सोडावं?

तुला वाटत असेल, एवढं सगळं झाल्यावर बाईंचं मन स्वच्छ झालं असेल. नाही झालं. तरसालीच्या त्या खोलीत, एवढी शरमिंदी बसलेली असताना, पोरीने तुझं नाव घेतलं आणि मला पुन्हा तुझा तोच जुना हेवा वाटला. तसाच, तेवढाच. पिनकोड लिहिताना शेवटचा आकडा माझ्या हातून चुकला. चुकून चुकला की कसा, हे मला सांगता येणार नाही. मी तो खोडला आणि वर नीट लिहिला. दोनदा तपासला.

यापुढे माझ्याकडून एवढंच होईल.

तुला माझा नमस्कार.

अहल्या